पूर ओसरतो, ओल राहते

पुराची बातमी पाण्याच्या पातळीबरोबर चढते आणि पातळीबरोबरच उतरते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर पोहोचली, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने धोक्याची खूण ओलांडली का, वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले का, या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत साऱ्या राज्याचे लक्ष तिकडे असते. पाणी उतरते, रस्ते मोकळे होतात, मंत्र्यांचे दौरे आटोपतात; 'जनजीवन पूर्वपदावर' असा मथळा येतो आणि विषय संपतो. ज्यांच्या घरात पाणी शिरलेले असते, त्यांच्यासाठी मात्र दुसरे संकट तेव्हाच सुरू झालेले असते. ते भिंतींच्या आत, गाद्यांच्या कापसात आणि कपाटांच्या पाठीमागे वाढत असते. त्याचा आवाज होत नाही, छायाचित्रे निघत नाहीत. कुबट वास सुटतो, भिंतीवर काळे-हिरवे ठिपके उमटतात आणि घरातल्या लहान मुलांचा खोकला हटत नाही, तेव्हा कुठे त्याची जाणीव होते.

मुंबईने २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदला गेलेला २४ तासांतला ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी असताना पाणी ५७ फुटांवर गेले आणि सांगली-कोल्हापूरच्या अनेक वस्त्या कित्येक दिवस पाण्याखाली राहिल्या. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड बुडाले. या प्रत्येक प्रसंगी बचावकार्याची चर्चा झाली, धरणांच्या विसर्गाची चर्चा झाली, पूररेषेतल्या बांधकामांचीही झाली. पाणी ओसरल्यावर घर पुन्हा राहण्याजोगे कसे करायचे, हा प्रश्न मात्र ज्याचा त्याने सोडवायचा, असेच आपण गृहीत धरले आहे. या गृहीताची किंमत आरोग्याच्या आणि पैशाच्या रूपाने वर्षानुवर्षे मोजली जाते.

अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब

बुरशी पुराबरोबर वाहत येते, असा एक समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत आणि धुळीत वर्षभर असतातच. त्यांना रुजायला तीन गोष्टी लागतात: खाद्य, ऊब आणि ओल. खाद्य म्हणजे कागद, लाकूड, कापूस, प्लायवूड, रंगातले सेंद्रिय घटक, किंबहुना भिंतीवर साचलेली साधी धूळसुद्धा. ऊब आपल्या हवामानात बारा महिने असते. उरते ती ओल. ती मिळाली की साधारण २४ ते ४८ तासांत वाढ सुरू होते. डोळ्यांना दिसायला आणखी काही दिवस लागतात. म्हणूनच पूरग्रस्त इमारतींबाबत जगभर एकच पहिला नियम सांगितला जातो: जे दोन दिवसांत कोरडे करता येईल ते वाचवा आणि जे करता येणार नाही त्याचा मोह सोडा.

हा नियम आपल्याकडे दोन कारणांनी मोडतो. पहिले कारण निसर्गाचे. पूर येतो तो जुलै-ऑगस्टमध्ये. कोकणात आणि मुंबईत तेव्हा बाहेरच्या हवेतच ८० ते ९० टक्के सापेक्ष आर्द्रता असते. पाश्चात्त्य देशांतल्या सूचनापत्रकांत 'दारे-खिडक्या उघडा' असे लिहिलेले असते. कोरड्या हवेच्या प्रदेशात ते बरोबरच आहे. आपल्याकडे मात्र भर पावसात खिडकी उघडली तर भिंतीतले पाणी बाहेर पडण्याऐवजी बाहेरची ओलच घरात येते. ऊन पडेल ते दोन-चार तास साधणे, त्या वेळी समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून पंख्याने हवा बाहेर ढकलणे, पुन्हा पाऊस सुरू झाला की खिडक्या बंद करून शक्य असेल तेथे वातानुकूलन यंत्र किंवा हवेतली ओल शोषणारे यंत्र चालवणे, हाच आपल्या हवामानाला मानवणारा क्रम आहे. जुन्या कोकणी घरांत हे काम चुलीची ऊब आपसूक करीत असे.

दुसरे कारण मनुष्यनिर्मित आहे आणि म्हणूनच अधिक गंभीर आहे. ते आहे पंचनाम्याचे.

पंचनाम्याची वाट पाहताना

घरात शिरलेल्या पाण्याने नुकसान झाले, हे सरकारदरबारी सिद्ध करायचे तर तलाठी किंवा पालिकेचा कर्मचारी येऊन ते पाहून जावा लागतो. विमा असेल तर सर्वेक्षक यावा लागतो. तोपर्यंत 'कशाला हात लावू नका' असा सल्ला शेजारीपाजारी, कार्यकर्ते, सगळेच देतात. भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटे, चिखलाने माखलेले धान्य पुरावा म्हणून घरातच ठेवले जाते. हजारो घरांचे पंचनामे करायला मोजकेच कर्मचारी असतात. चार दिवस जातात, आठ दिवस जातात. बुरशीला लागतात अवघे दोन दिवस. म्हणजे नुकसानभरपाई मिळण्यासाठी जी वाट पाहायची, तीच वाट नुकसान वाढवीत असते.

या कोंडीवरचा उपाय खर्चिक नाही. प्रत्येक खोलीची, भिंतीवर पाण्याने सोडलेल्या रेषेची आणि प्रत्येक मोठ्या वस्तूची मोबाइलवर छायाचित्रे काढून भिजलेले सामान त्याच दिवशी बाहेर काढण्याची मुभा प्रशासनाने जाहीरपणे दिली पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पूर आला तेव्हा मोबाइलवरची छायाचित्रे पंचनाम्यासाठी ग्राह्य धरण्याची भूमिका सरकारने घेतली. ती स्वागतार्ह होती. पण अशी सवलत प्रत्येक पुराच्या वेळी घोषणा म्हणून येऊन चालत नाही. ती कायमचा नियम म्हणून आधीपासून ठाऊक असेल, तरच नागरिक पहिल्या दिवशी धीर करून गादी बाहेर टाकतील.

मदतीच्या स्वरूपातही हीच विसंगती आहे. २०१९ च्या महापुरानंतर ज्यांच्या घरात पाणी शिरले त्या कुटुंबांना ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर झाले. घर दोन दिवस पाण्याखाली असण्याची धान्यवाटपासाठीची अट त्या वेळी वादग्रस्त ठरली, हेही स्मरणात असेल. वाद योग्यच होता. भिंत आणि गादी भिजायला दोन दिवस लागत नाहीत, काही तास पुरतात. आपले निकष पडझड मोजतात, वाहून गेलेले मोजतात. पाणी ओसरल्यानंतर महिनाभराने निकामी होणारे दार, सुटणारा गिलावा आणि दवाखान्याचे बिल यांची गणना त्यांत होत नाही.

आरोग्याचा प्रश्न

२००५ च्या ऑगस्टअखेरीस, म्हणजे मुंबईच्या प्रलयानंतर सुमारे महिनाभराने, कतरिना चक्रीवादळाने अमेरिकेतले न्यू ऑर्लिन्स शहर बुडवले. तेथे सुमारे दोन महिन्यांनी आरोग्य यंत्रणेने शहर आणि परिसरातल्या ११२ घरांची पाहणी केली. त्यांतल्या ४६ टक्के घरांत डोळ्यांना दिसणारी बुरशी आढळली आणि १७ टक्के घरांत तिचा थर दाट होता. त्या अनुभवातून बुरशी हटवण्याची मार्गदर्शक पद्धत अधिक काटेकोर होत गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाचे विकार होण्याची शक्यता अधिक असते, एवढे पुराव्यानिशी सांगता येते. मात्र हवेत अमुक इतके बीजाणू असले तर सुरक्षित, अशी मर्यादा आखता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याचा व्यावहारिक अर्थ सरळ आहे. बुरशी कोणत्या जातीची आहे याच्या तपासणीवर पैसे घालवण्यापेक्षा ती काढणे आणि ओल थांबवणे महत्त्वाचे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस या आजाराने महाराष्ट्रात हाहाकार माजवला आणि 'काळी बुरशी' हा शब्द घराघरांत पोहोचला. त्याच वर्षी जुलैमध्ये चिपळूण-महाड बुडाले. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तोच आजार, अशी धास्ती अनेकांनी घेतली असेल, तर नवल नाही. प्रत्यक्षात भिंतीवर बहुधा वाढतात त्या ॲस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम यांसारख्या वेगळ्या बुरशी. आणि रंगावरून बुरशीचा धोका ठरत नाही. निरोगी माणसाला त्यांच्यामुळे शिंका, खोकला, डोळ्यांची आग असा त्रास होतो. दमा असलेले, अनियंत्रित मधुमेह असलेले, स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधे घेणारे, अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांची गोष्ट वेगळी. त्यांनी पूरग्रस्त घर साफ करायला जाऊच नये आणि ते पूर्ण कोरडे होईपर्यंत तेथे राहूही नये. 'सगळे घर कामाला लागले' हे कौतुकाचे वाक्य अशा वेळी घातक ठरू शकते.

सफाई: क्रम चुकला की श्रम वाया

सफाईची सुरुवात झाडूने नव्हे, विजेच्या मुख्य बटणापासून करावी लागते. पाण्यात बुडालेली वायरिंग, सॉकेट आणि उपकरणे जाणकार तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. त्यानंतर चिखल, आणि तो ओला असतानाच. वाळलेला चिखल खरवडला की त्याची धूळ आणि बीजाणू घरभर पसरतात. हातमोजे, गमबूट, डोळ्यांना चष्मा आणि नाका-तोंडावर एन-९५ मुखपट्टी ही या कामाची किमान तयारी आहे. साध्या रुमालाने बीजाणू अडत नाहीत.

मग निवड. फरशी, धातू, काच, चिनी मातीची भांडी, चांगले भरीव लाकूड धुऊन-वाळवून वाचते. गाद्या, उशा, कापसाचे फर्निचर, भिजलेले जिप्समचे छत, फुगलेले पार्टिकल बोर्ड वाचत नाही. आपल्या समाजाला टाकणे कठीण जाते. ज्या गादीसाठी वर्षभर पैसे साठवले ती रस्त्यावर टाकायला मन धजत नाही. पण सांडपाणी मिसळलेल्या पुरात भिजलेली गादी उन्हात वाळवून पुन्हा अंथरणे म्हणजे आजार विकत घेणे होय.

सर्वांत मोठी गफलत होते ती ब्लिचिंग पावडरबाबत. पुरानंतर पालिका ती रस्तोरस्ती टाकते, घरोघरी वाटते आणि त्यामुळे तीच बुरशीवरचाही रामबाण उपाय असे लोकांना वाटते. रोगजंतूंसाठी, पाण्याच्या टाक्यांसाठी, धुतलेल्या फरशीसाठी तिचा उपयोग जरूर आहे. परंतु गिलावा आणि लाकूड यांसारख्या सच्छिद्र पृष्ठभागांवर क्लोरिन वरच्या वर राहतो आणि पाणी आत मुरते. डाग फिका होतो, मूळ शिल्लक राहते आणि ओलीत भर पडते. शिवाय मेलेली बुरशीही ॲलर्जी निर्माण करते. ती मारून भागत नाही, पुसून काढावीच लागते. साबणाचे पाणी, ब्रश, ओले फडके आणि लगेच कोरडे करणे ही साधी रीत अधिक परिणामकारक आहे. आधी धुणे आणि मग निर्जंतुकीकरण, हा क्रमही महत्त्वाचा. चिखलावर टाकलेली पावडर चिखलातच संपते.

ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड ही दोन्ही एकाच बादलीत ओतण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास होतो. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. बंद, दमट खोलीत तो जिवावर बेतू शकतो. ब्लीच आणि अमोनिया असलेली द्रावणेही एकत्र करू नयेत. ही सूचना पावडरीच्या प्रत्येक पुडीवर मराठीत छापायला काय हरकत आहे?

गणपतीआधीचा रंग

सफाई झाली, घर वरवर कोरडे दिसू लागले की पुढची चूक होते ती सणामुळे. पूर जुलै-ऑगस्टचा; गणपती त्यानंतर काही आठवड्यांवर, दिवाळी दोन-तीन महिन्यांवर. घर उजळून निघावे, झाले गेले विसरावे ही इच्छा स्वाभाविक आहे. मग भिंतींना पुट्टी आणि प्लॅस्टिक इमल्शन लागते. पण भिंत आतून ओलीच असते. जाड भिंत वाळण्याचा बांधकामातला जुना आडाखा इंचाला एक महिना असा आहे. त्या हिशेबाने नऊ इंची विटांच्या भिंतीला दिवाळीपर्यंतही पुरेसा अवधी मिळत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या जाड भिंतीला तर त्याहून अधिक वेळ लागतो. वरून रंगाचा पापुद्रा बसला की आतल्या ओलीची वाट बंद होते. पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोपडे सुटतात, गिलावा पोकळ वाजू लागतो, लोणा फुटतो आणि बुरशी परतते. रंगाचा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

भिंतीवरची पांढरी भुकटी ही बुरशी की लोणा, हे ओळखणे सोपे आहे. पाण्याचा थेंब टाकल्यावर विरघळली तर तो क्षार, म्हणजे लोणा. तो विषारी नाही, पण भिंतीतून पाणी अजून बाहेर येत असल्याची ती खूण आहे. भिंत वाळली का हे पाहायची घरगुती परीक्षाही आहे. फूटभर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर लावावा आणि एक-दोन दिवसांनी पाहावा. आतल्या बाजूला दव जमले असेल तर रंगाऱ्याला परत पाठवावे. तोपर्यंत फार तर चुन्याचा हात द्यावा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या अल्कधर्मी गुणामुळे बुरशीलाही तो मानवत नाही.

चुन्याचा हा गुण आपल्या बांधकामाच्या बदललेल्या रीतीकडे लक्ष वेधतो. जुन्या वाड्यांच्या आणि कौलारू घरांच्या अडचणी अनेक होत्या. पण चुन्याचा गिलावा, भरीव सागवान, शहाबादी फरशी आणि हवेशीर माळा यांमुळे ती घरे भिजली तशी वाळतही. आजच्या सदनिकेत सिमेंटचा गिलावा, त्यावर पुट्टी, जिप्समचे खोटे छत, भिंतीला घट्ट बसवलेले प्लायवूडचे वॉर्डरोब आणि पार्टिकल बोर्डाचे स्वयंपाकघर असते. पाणी आत शिरायला यांत अडचण नसते. बाहेर पडायला मात्र जागा नसते. वॉर्डरोबच्या पाठीमागची अंधारी, हवाबंद भिंत म्हणजे बुरशीला आयती मिळालेली जागा. महाग सजावटीची घरे पुरात साध्या घरांपेक्षा अधिक काळ आजारी राहतात, याचे कारण हेच.

कागदाचा ठेवा

घरांइतकाच नाजूक प्रश्न सार्वजनिक ठेव्यांचा आहे. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची स्थापना १८६४ ची. २००५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पुराने या ग्रंथालयाला तडाखा दिला. भिजलेल्या ग्रंथाला गादीचा नियम लावता येत नाही. दुर्मीळ ग्रंथ टाकायचा कसा? जगभरच्या ग्रंथपालांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे तातडीने गोठवणे. शीतगृहात गोठलेल्या पुस्तकावर बुरशी वाढत नाही आणि सावकाश वाळवायला अवधी मिळतो. आपल्या नदीकाठच्या आणि किनाऱ्यालगतच्या शहरांत मासळी आणि शेतमालासाठी शीतगृहे असतात. ग्रंथालये, न्यायालये, नगरपालिका यांनी त्यांच्याशी आधीच बोलून ठेवले, तर फुकट जाणारी कित्येक कागदपत्रे वाचू शकतील. आणि अभिलेख तळमजल्यावर ठेवू नयेत, हे सांगायला कोणत्या समितीची आवश्यकता असावी?

काय करता येईल?

पहिली गोष्ट, पाणी ओसरल्यानंतरच्या पंधरवड्याला आपत्ती व्यवस्थापनाचा स्वतंत्र टप्पा मानले पाहिजे. बोटी आणि पंप जसे तयार ठेवले जातात, तसे मोठे पंखे, ओल शोषणारी यंत्रे, ओल मोजणारी साधी उपकरणे प्रत्येक पूरप्रवण पालिकेने बाळगावीत आणि प्रभागनिहाय आळीपाळीने द्यावीत. एका कुटुंबाला न परवडणारे यंत्र एका गल्लीला सहज परवडते. मदतीच्या संचात तांदूळ-गव्हाबरोबर हातमोजे, मुखपट्टी, ब्रश आणि साबण असावा. भिजलेला कचरा उचलण्याची यंत्रणा पहिल्या दोन दिवसांत उभी राहिली नाही, तर बाहेर टाकलेल्या गाद्या पुढच्या सरीत पुन्हा दारात येतात.

दुसरी गोष्ट, मदत दोन हप्त्यांत द्यावी: पहिला तातडीचा, दुसरा दोन-तीन महिन्यांनी घराची फेरपाहणी करून. भाडेकरूंचा प्रश्नही येथेच येतो. भिंतीची मालकी एकाची आणि ओलीत झोपणारा दुसरा, अशी स्थिती असल्याने दुरुस्तीची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. चाळी आणि जुन्या इमारतींत हे प्रकर्षाने दिसते. मदतीचा दुसरा हप्ता दुरुस्तीशी जोडला तर ही कोंडी काही अंशी फुटेल.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्याकडे नद्यांसाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. या रेषांवरची सारी चर्चा बांधकामाला परवानगी द्यावी की नाही, एवढ्यापुरती होते. तेथे आधीच वसलेल्या हजारो कुटुंबांच्या घरांचे काय? त्यांच्यासाठी बांधकामाचे साहित्य आणि रचना यांचे नियम हवेत. जोते उंच, विजेची बटणे आणि मीटर पूरपातळीच्या वर, तळमजल्यावर जिप्सम आणि पार्टिकल बोर्डाऐवजी फरशी, दगड, धातू आणि चुना, कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर. यांतला कोणताही उपाय नव्या तंत्रज्ञानाचा नाही. पूर येणारच असेल तर तो येऊन गेल्यावर लवकर वाळणारे घर बांधणे, एवढाच त्यामागचा विचार आहे.

पावसाची तीव्रता वाढते आहे आणि एका दशकात दोन-दोन महापूर पाहिलेली शहरे आता अपवाद राहिलेली नाहीत. सांगली-कोल्हापूरला २०१९ नंतर दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा पुराला तोंड द्यावे लागले. काही भिंतींतली पहिली ओल तेव्हा कुठे सरली असेल. नदीचे पाणी किती फुटांवर थांबेल, हे आपल्या हाती पूर्णपणे नाही. ते उतरल्यानंतर भिंतीत किती महिने मुक्काम करील, हे मात्र बरेचसे आपल्या हाती आहे. पुनर्वसनाची मोजणी घरात परतलेल्या कुटुंबांच्या संख्येवर करण्यापेक्षा, कोरड्या घरात परतलेल्या कुटुंबांच्या संख्येवर करायला शासनाने आता तरी सुरुवात केली पाहिजे.